बिननावाचं भांडं

ये, अशी जवळ सर. उंबऱ्यात उभं राहून बोलायची तुझी खोड जुनीच. एक पाय आत, एक पाय बाहेर, म्हणजे राग आला की पळायला बरं. आणि फोनवर तरी काय बोलतेस? "बरी आहे मावशी, नंतर करते मावशी," की ठेवला. नंतर म्हणजे कधी गं? दिवाळी गेली, संक्रांत गेली, तुझ्यासाठी ठेवलेल्या तिळगुळाचे डब्यात दगड झाले, तरी तुझं नंतर काही उजाडेना. एवढं ताणू नये बाई. राग कर, तुझा हक्क आहे. पण समोर बसून कर, मी खाली मान घालून ऐकून घेईन.

तू समोर नाहीस हे कळतंय मला. म्हणून तर लिहायला बसले. मला बोलल्यासारखंच लिहिता येतं, दुसरं येत नाही. शाळेत मी गेलेच नाही. अक्षरं शिकले ती भांड्यांवर, ते पुढं सांगते. आधी, तुझ्याशिवाय हे कुणी वाचलं तर त्याला कळावं म्हणून दोन शब्द सांगायला हवेत. तू माझ्या धाकट्या बहिणीची लेक. तिला लिंबागणेशच्या पलीकडं दिली होती. दसरा झाला की त्यांचं घर कोयते घेऊन ऊसतोडीला जायचं ते उन्हाळ्याच्या तोंडाला परत. तू पहिलीत गेलीस त्या वर्षी तिनं तुला माझ्याकडं आणून ठेवली. म्हणाली, "अक्का, हिला फडावर न्यायची न्हाई. हिची शाळा बुडाली तर माझ्यावानी होईल." माझं सासर बाजारपेठेचं गाव, घरात भांड्यांचं दुकान, तुझ्यापेक्षा लहान असा एक लेक. तुम्ही दोघं एका ताटात जेवून मोठे झालात. आता तो दुकानात, तू पुण्याला कंपनीत, तुझी आई देवाघरी. तुला माहेर म्हणून जे काय उरलंय ते माझंच घर. आणि त्याच घरातून भाऊबीजेच्या आदल्या दिवशी, ओवाळायचं ताट घासून पुसून ठेवलेलं असताना, तू बॅग उचलून निघून गेलीस.

माझ्या तोंडामुळं गेलीस.

पाडव्याची दुपार होती. सुनेचा भाऊ तिला न्यायला आलेला, तो, माझा लेक आणि तू असे तिघं पंगतीला बसला होतात. मी वाढत होते. तो पाहुणा सहज म्हणाला, "पुण्याला पगार लई असतील, न्हाई का ताई?" तू हसून म्हणालीस, "पगार असतो हो, हातात कुठं येतो? आधीच कर कापून घेतात. अर्धी राबते मी कंपनीसाठी आणि अर्धी सरकारसाठी. आणि सरकार देतं काय? खड्डे."

एवढंच बोललीस. चारचौघं बोलतात तसं. पण मला कुठं राहवतंय? तुपाची वाटी हातात धरून मी उभ्यानं सुरू झाले. "खड्डे का? बरं. शाळेत दुपारची खिचडी खायचीस ती कुणाच्या चुलीवरची होती? पुस्तकं कुणी दिली? पुढं वसतिगृहात राहिलीस ते कुणी बांधलं होतं? कॉलेजची फी काय तुझ्या बापानं भरली? त्याच्या कोयत्यानं भरली असती का? नखापासून केसापर्यंत दुसऱ्यांच्या करावर वाढलेली पोर तू, अन् तूच कुरकुर करतीस! जास्तच कापले पायजेत तुझे."

सुनेचा भाऊ ताटातल्या मिठाकडं बघायला लागला. मी थांबले, पण उशिरा. परक्या माणसासमोर मी तुझ्या बापाचा कोयता काढला होता. तू खाली मान घातलीस. मला वाटलं रडतेस. पण तू मान वर केलीस तेव्हा डोळे कोरडे होते.

"मी देते गं मावशी," तू म्हणालीस. "कुरकुरत देते, पण देते. तू सांग, आपल्या दुकानात शेवटचं पक्कं बिल कधी फाडलंस?"

माझा लेक हसला. त्याला वाटलं चेष्टा चालली आहे. "ताई, कोण मागतंच न्हाई ना पक्कं बिल. मागितलं तर देऊ की."

"आई मागत होती," तू म्हणालीस. "बिल नाही. मशीन."

मग उठलीस, हात धुतलेस, आणि चारच्या एसटीला गेलीस. माझ्या हातातलं तूप थिजून गेलं होतं.

आता ज्यांना दुकानदारी ठाऊक नाही त्यांना पक्क्या बिलाचं सांगते. आमच्याकडं लग्नाचं गिऱ्हाईक आलं की मुलीचा सगळा संसार एकदम घेतं. हंडा, कळशी, पराती, पातेली, कुकर, डबे. तराजूवर चढवून बेरीज झाली की दुकानदार विचारतो, पक्कं करू की कच्चं? पक्कं म्हणजे नंबराचं बिल, त्यावर कर लागतो, तो सरकारात जातो. कच्चं म्हणजे कागदाच्या चिटोऱ्यावर आकडे, बेरीज, खाली रेघ. ते चिटोरं गिऱ्हाईक घरी जाईपर्यंत हरवतं आणि आमचा धंदाही त्याच्याबरोबर हरवतो. मग आम्ही किती कमावलं ते कोण मोजणार? सगळेच म्हणतात, कच्चंच करा, कावून सरकारच्या घशात घालायचं? यात लपवाछपवी अशी नव्हतीच. पेठेत सगळ्यांना ठाऊक, भिंतीवर जीएसटी नंबराची पाटी, खाली आम्ही, आणि हातात चिटोरं. मला त्याचं कधी काही वाटलं नव्हतं. हेच तर वाईट वाटतंय आता, की कधी काही वाटलंच नव्हतं.

आणि तुझ्या काकांना, आमच्या मालकांना, तर ते होते तोवर कधी वाटलंच नाही. ते म्हणायचे, "आपण काय सगळंच खातो का? गावाला देतो की!" देत होते, खोटं कशाला बोलू. जत्रेची वर्गणी आमच्या घरची पेठेत सगळ्यांच्या वर. भोंग्यावर नाव पुकारलं की ते दुकानातून उठून बाहेर येऊन उभे राहायचे, जसं काय भोंग्याला दिसणार आहे. एका वर्षी लग्नसराई चांगली झाली तेव्हा त्यांनी तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात एक बाक दिलं. सिमेंटचं, पाठीला टेका असलेलं, आणि टेक्यावर ठळक अक्षरात त्यांचं नाव. ती अक्षरं कागदावर मीच काढून दिली होती रंगाऱ्याला.

कारण नाव घालायचं काम माझं. लग्न होऊन आले तेव्हा सासरे भांड्यांवर नावं घालायचे, छिन्नी आणि हातोडी घेऊन, ठिपक्याला ठिपका लावत. त्यांचा हात कापायला लागला तेव्हा मी छिन्नी घेतली. वाचता येत नव्हतं. गिऱ्हाईक कागदावर नाव लिहून द्यायचं, मी ते नक्षी असल्यासारखं उतरवायचे. असं करता करता कोणती नक्षी म्हणजे कोणता आवाज हे कळायला लागलं. सगळ्या भांड्यांवर शेवटी एकच शब्द यायचा, "यांजकडून". आई हा शब्द लिहायच्या आधी मला यांजकडून लिहिता येत होतं! तू हसायचीस त्याला. आता मशीन आहे, सुईवानी टोकाचं, घर्र करून नाव उमटतं. पण घालते मीच. डोळ्यात मोतीबिंदू झाला होता तो सरकारी शिबिरात काढला, फुकट, म्हणून अजून बारीक अक्षर दिसतं. ज्या डोळ्यानं नावं घालते तो डोळाही कुणीतरी भरलेल्या पैशाचा आहे. हे आता लिहिताना सुचलं बघ. आधी सुचलं असतं तर जरा कमी बोलले असते.

तर नाव. आमच्याकडं नाव न घालता भांडं देत नाहीत. तुला आठवतंय का, तू शाळेतून येऊन दुकानात अभ्यास करत होतीस आणि एक मामा मांडवातून पळत आला होता? डोक्याला फेटा, अंगावर अक्षता, हातात घागर. "मावशी, नाव राहिलं! घाला पटकन, तिकडं आहेर पुकारायलेत." मी म्हटलं, अहो, भाचीला ठाऊक आहे की मामानं दिली. तर म्हणाला, "भाचीला हाय ठाऊक, पाव्हण्यांना कसं कळंल? बिननावाचं देणं म्हंजे दिल्यावानी वाटतंय का?" आपण दोघी किती हसलो होतो. पण मी नाव घातलं. आणि मनात म्हटलं, बरोबरच आहे त्याचं.

पुढं तुझ्या आईच्या किडन्या गेल्या. तू तेव्हा पुण्यात नवी होतीस, सुट्टी मिळायची नाही, म्हणून मीच तिला घेऊन जायचे, रक्त धुवायच्या मशीनवर, त्याच तालुक्याच्या दवाखान्यात. पैसा लागत नव्हता. खासगीत एका वेळेचे जे सांगितले होते ते ऐकून तिचा नवरा जिन्यातच बसला होता. इथं फुकट, पण मशीन थोडी आणि माणसं फार, त्यातलं एखादं बंद, कारण चालवायला माणूस नाही. मग नंबर लावून बाहेर बसायचं. बसायचं कशावर? तर तुझ्या काकांच्या बाकावर. ती टेकून बसली की तिच्या पाठीशी बरोबर त्यांचं नाव यायचं. पाय सुजलेले, तोंडाला चव नाही, आणि तरी तिची जीभ तुझ्यासारखीच. म्हणायची, "अक्का, दाजींचं बाक लई गार हाय गं. पण मला न्हाई ना बाकावर मरायचं, मला मशीनवर झोपायचंय. दाजींना म्हणावं, पुढच्या टायमाला मशीनवर नाव घाला."

मी म्हणायचे, "गप गं, चावट." आणि दोघी हसायचो. तुला ते हसणं मी सांगितलं होतं, म्हणून तू त्या दिवशी तो एकच शब्द टाकून गेलीस. मशीन. सुनेच्या भावाला काही कळलं नाही. मला सगळं कळलं.

आता खरं बघ. तुझी आई त्या मशीनवर दोन पावसाळे जगली. तुझी नोकरी पक्की झालेली तिनं पाहिली, तुझा पहिला पगार हातात घेऊन ती त्या बाकावर शेजारणींना सांगत बसली होती. ते दोन पावसाळे कुणी दिले तिला? मी नाही दिले. तुझ्या काकांनी नाही दिले. कुठल्यातरी गावात कुणीतरी पक्कं बिल मागून घेतलं असेल, कुणाचातरी पगार तुझ्यासारखा आधीच कापला असेल, तोही तुझ्यासारखाच कुरकुरला असेल. त्याला ठाऊक नाही की त्याच्या पैशानं लिंबागणेशकडच्या एका ऊसतोड बाईचं रक्त धुतलं. आणि आम्हाला ठाऊक नाही तो कोण. त्या मशीनवर कुणाचंच यांजकडून नव्हतं. बाकावर होतं.

हे मला इतक्या वर्षांनी, थिजलेलं तूप हातात घेऊन कळावं, याची लाज वाटते.

तरी मी तुझ्याशी भांडले ते भांडण मी मागं घेणार नाही हां. तुझ्याशी ज्या तोंडानं भांडले ते तोंड चुकीचं होतं, पण बोलले ते खरंच होतं. कर जास्तच असावा, या मताची मी आहे आणि राहीन. लोक म्हणतात थोडा घ्या. थोड्या पाण्यात डाळ शिजते का? खालून करपते आणि वरून कच्ची राहते. आपल्याकडं सगळं तसंच होतं. इमारत येते, डॉक्टरची खुर्ची रिकामी. मशीन येतं, चालवणारा येत नाही. शाळेला खोल्या चार आणि बाई दोन. मग म्हणायचं, बघा, सरकारी म्हणजे असंच असतं. अगं, असंच असणार की, पाणीच घातलं नाही तर. आणि ज्यांच्याकडं आहे ते खासगीत जातात आणि म्हणतात आमचा कर वाचला. कुठं वाचला? नातवाच्या इंग्रजी शाळेला आम्ही भरतो, दवाखान्याला भरतो, पाण्याच्या टँकरला भरतो. तोही करच झाला की. फक्त आपापला एकट्याचा, आणि ज्याच्याकडं नाही त्याच्या मुलीला त्यातलं घोटभर मिळत नाही. तुझ्यासारख्या मुलीला.

दुकानासमोर कल्हईवाले चाचा बसतात, तुला बोट धरून पेठ दाखवणारे. आता कल्हईला कुणी येत नाही, तर कुकर आणि स्टो दुरुस्त करतात. एक दिवस मी त्यांच्यापुढंही हेच काढलं. तिथं उभा असलेला एक माणूस म्हणाला, "भरून काय उपेग? वरचे खातेत सगळं." मी चाचांकडं पाहिलं, म्हटलं, "चाचा, सांगा याला. हंडा गळतो म्हणून कुणी पाणी भरायचं सोडतं का?"

चाचांनी कुकरची शिट्टी उन्हाला धरली, भोकातून बघितलं. "न्हाई भाभी. गळतंय म्हणून लोक हंडा माझ्याकडं घेऊन येतेत, मी भोकाला डाग लावून देतो." मग माझ्याकडं बघून म्हणाले, "पण तुमी तर हंड्यात पानीच घालीत न्हाई. गळतंय कुठून, ते तुमाला कसं दिसायचं?"

तो माणूस जोरात हसला. मी पण हसले. काय करणार? घरी येऊन मात्र जेवण गेलं नाही.

म्हणून तुळशीचं लग्न झाल्यावर मी लेकाला म्हटलं, "आता लग्नसराई सुरू होईल. या वर्षी सगळं पक्कं फाडायचं."

"आई, पेठेत आपण एकटेच येडे व्हायचं का?"

"कुणाला तरी आधी व्हावं लागतंय."

"ताई एक बोलून गेली अन् तू धंदा बुडवायला निघालीस."

असं त्यानं सगळं तुझ्यावर घातलं. बघ, एका घासात मी दोघांना दुखावलं. आधी तुला, आणि मग तुझ्या शब्दावरून धंदा पणाला लावून त्याला. मी तुझं नाव काढलं नव्हतं, त्यानंच ओळखलं.

पहिलं मोठं गिऱ्हाईक धर्मापुरीकडचं आलं. मुलीचा बाप, चुलता, आत्या, जीप भरून. बागायतदार माणसं, चांगली ऐपत. दुपारभर भांडी निवडली. आत्या तर प्रत्येक पातेलं वाजवून बघत होती. काट्यावर ढीग चढला. चुलत्यानं नावाची चिठ्ठी माझ्याकडं दिली आणि मी एका तांब्यावर मशीन चालवायला सुद्धा लागले. तेवढ्यात लेक त्यांना म्हणाला, माझ्याकडं न बघता, "पक्कं बिल करावं लागंल. कर लागंल."

"कावून?" चुलता म्हणाला. "दिंद्रुडला आमच्या सोयऱ्यानं नेलं, त्याला कच्चं दिलं. तुमचं काय नवीनच?"

"आईचं मत हाय तसं."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी मशीन बंद केलं. म्हटलं, "दादा, तुमच्या गावच्या शाळेत..." पण चुलता उठलाच. "मावशी, आमी लग्नाची भांडी घ्यायला आलो, भाषण ऐकायला न्हाई." आत्या जाताना हळू म्हणाली, "भांडी चांगली होती बाई." जीप समोरच्या दुकानापुढं जाऊन थांबली. आमच्या काट्यावर ढीग तसाच, आणि माझ्या हातात तांब्या, त्यावर अर्धं नाव.

तो तांब्या मोडीत काढता आला असता. लेकानं तो फळीवर ठेवला, गल्ल्याच्या वर, रोज मला दिसेल असा. त्यापेक्षा भांडला असता तर बरं झालं असतं.

मग पौषाच्या आधी एक म्हातारी आली. तिचे लेक-सून ऊसतोडीला कारखान्यावर, ती नातीचं लग्न ठरवून एकटीच कुकर आणि दोन पातेली घ्यायला आलेली. पदराला गाठ. तिला कराचं सांगितलं तर म्हणाली, "बाई, कच्चंच करा की. तेवढ्यात पोरीला एक तवा येईल." तिला मी काय सांगू? तिनं काय चुकीचं मागितलं? तुझ्या आईनं हेच मागितलं असतं. चुलत्याच्या ढिगावर आणि हिच्या कुकरवर एकाच हिशोबानं कर लागतो, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा टोचलं. मी लेकाला म्हटलं, पक्कंच कर, पण कर आपल्या नफ्यातून जाऊ दे आणि तवाही दे.

"म्हंजे सरकारची वर्गणी तू भरणार का?"

"हो. आपल्याकडं नफा हाय, तिच्याकडं काय हाय?"

त्यानं बिल फाडलं. म्हातारीनं ते चार घड्या करून पदरात बांधलं. जाताना तिनं तव्यावर नाव घालायला लावलं, नातीचं नाही, स्वतःचं.

त्यावरून मला वाटतं ते सांगते, तू शिकलेली आहेस, चुकलं तर दुरुस्त कर. कर जास्त हवा म्हणजे त्या म्हातारीच्या कुकरवर जास्त नको. आमच्यावर जास्त हवा. माझ्या नफ्यावर, त्या चुलत्यासारख्यांवर, पेठेतल्या प्लॉटवाल्यांवर, आणि हो, थोडा तुझ्यावर. आमच्यासारख्यांनी खरा आकडा सांगितला तर कदाचित म्हातारीच्या कुकरवर कमी लावता येईल. आम्ही आकडा लपवतो, म्हणून ज्यांचा लपत नाही त्यांच्यावर येतो. पगारवाल्यांवर आणि पदराच्या गाठीवर. तू तोंडावर म्हणालीस ते हेच होतं. मी तुला करावर वाढलेली म्हटलं. करावर वाढलं नाही कोण? मी एसटीत बायकांच्या अर्ध्या तिकिटावर बसून फुकटच्या मशीनवर माझ्या बहिणीला नेत होते, आणि घरी येऊन चिटोऱ्यावर आकडे लिहीत होते. तुझ्या ताटातली खिचडी मोजणारी मी कोण?

मागच्या बाजारादिवशी लेक जेवताना आपणहून बोलला. म्हणाला, "एक एप्रिलपासून करू सगळं खरं. बिलं पण, नफा पण. पण तू सांगतीस म्हणून न्हाई."

"मग?"

"ताईला येऊ दे. तिनं माझ्यासमोर बसून सांगू दे. ती भरती, तिचं ऐकीन. तुझं कावून ऐकू? तू तर काल भरायला लागलीस."

खरं आहे त्याचं. मग भाकरी मोडता मोडता म्हणाला, "अन् तिनं मला ओवाळलं न्हाई औंदा." एवढा दाढीमिशीवाला, आवाज कसा झाला होता सांगू, पहिलीतल्यासारखा. ते ताट मी अजून उचललं नाही. निरांजन आहे, सुपारी आहे, अक्षता तेवढ्या बदलल्यात. भाऊबीज तिथीला नाही झाली तर बहीण येईल त्या दिवशी होते, असं माझी आई म्हणायची. म्हणायची की नाही आठवत नाही नीट, पण म्हणाली असती.

तुझ्या बापालाही निरोप दिलाय. कारखान्याहून आला की इकडं ये म्हटलं. त्याच्या कोयत्याचं मी जे बोलले ते त्याच्या कानावर गेलं नसेल, पण माझ्या कानावर आहे.

तर बाई, मार्च संपायच्या आत ये. पुरण घालीन, आणि वाढून झाल्यावर तोंड बंद ठेवीन, निदान तुझा पहिला घास होईपर्यंत. तुझ्यासाठी पितळेची एक कळशी बाजूला काढून ठेवली आहे, तुझ्या आईला आवडायची तसल्या गळ्याची. कळशीचं बिल फाडलंय, पक्कं. लेकानं विचारलं, नाव काय घालायचं? मी मशीन हातात घेतलं आणि परत ठेवलं. राहू दे तशीच. कुणाकडून ते तुला ठाऊक आहे.

शनिवारी निघ, म्हणजे रविवार सगळा मिळेल. एसटीनंच ये. अर्धं तिकीट लागेल, आणि उरलेलं अर्धं कुणी भरलं ते मी या वेळी विचारणार नाही. लवकर ये.